वाचकांचे प्रश्न : सेल्मातले लोक मत द्यायला कधी येतात आणि कधी येत नाहीत?

मागच्या अंकात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातल्या सेल्मा या छोट्या शहरावर एक चौकट दिली होती. १९६५ साली मतदानाच्या हक्कासाठी जिथून मोर्चा निघाला आणि पुलावर ज्याला पोलिसांनी झोडपून काढलं, तेच हे गाव. शेवटी एक वाक्य होतं, की ज्या गावाने एवढं सोसलं तिथेच आता निम्मे मतदारही येत नाहीत अशा निवडणुका होतात. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की यावेळचा सगळा कॉलम सेल्मालाच देतोय. नावं छापत नाही, फक्त गावं देतोय.

सांगली : शिकलेली माणसंसुद्धा मतदार नोंदणीच्या परीक्षेत नापास व्हायची असं लिहिलं होतं. पेपर इतका अवघड असायचा का?

पेपर अवघड असायचाच, पण पास करायचं की नापास हे तपासणाऱ्याने आधीच ठरवलेलं असायचं. सेल्मा डॅलस काउंटीत येतं (टेक्सासमधलं डॅलस शहर वेगळं, घोळ करू नका), काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुका-जिल्ह्याच्या मधलं काहीतरी धरा. तर यादीत नाव घालायचं म्हणजे कोर्टाच्या इमारतीत रजिस्ट्रारच्या ऑफिसात स्वतः जायचं, आणि ते ऑफिस नोंदणीसाठी महिन्यातून दोनच दिवस उघडं, पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी. तिथे भला मोठा फॉर्म भरायचा, राज्यघटनेवरच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, सांगतील तो उतारा लिहून काढायचा आणि शिवाय आधीपासून मतदार असलेल्या कुणाला तरी साक्षीला आणायचं, आता मुळात काळे मतदारच मूठभर, तर साक्षीदार आणायचा कुठून? एखादा शब्द चुकला, एक रकाना राहिला, झालं, नापास. कशात चुकलं तेही सांगायचे नाहीत. वर पोल टॅक्सही होता, म्हणजे मत द्यायचं तर वर्षाला दीड डॉलर भरायचे.

१९६५ च्या सुरुवातीला त्या काउंटीत मतदानाच्या वयाची कृष्णवर्णीय माणसं १५ हजारांच्या आसपास होती आणि यादीत नावं तीनशेच्या आसपास. म्हणजे शंभरात दोन! गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण दोन तृतीयांशाच्या घरात होतं.

लोक गप्प बसले होते असं मात्र अजिबात नाही. ७ ऑक्टोबर १९६३ ला, सोमवारच होता, तीनशेच्या वर माणसं कोर्टाबाहेर रांगेत उभी राहिली, दिवसभर उन्हात, रांग सोडली की नंबर गेला म्हणून ना पाणी ना जेवण. त्यांच्यासाठी खाणं-पाणी घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी मारलं आणि आत टाकलं. दिवस संपेपर्यंत मोजकीच माणसं दारातून आत गेली होती. पुढे जुलै १९६४ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी हुकूमच काढला, की या विषयावर तीन किंवा जास्त माणसांनी एकत्र जमायचं नाही.

आणि तुम्ही शिकलेल्या लोकांचं विचारलंत म्हणून हे मुद्दाम सांगते. २२ जानेवारी १९६५ ला शाळेतले शंभराच्या वर काळे शिक्षक शाळा सुटल्यावर कोर्टावर चालत गेले, पुढे होते फ्रेडरिक रीस, विज्ञान शिकवायचे, तिथल्या व्होटर्स लीग या मतदार-हक्क संघटनेचे अध्यक्ष. शिक्षकांची नोकरी गोऱ्या शाळा बोर्डाच्या हातात, गेली तर गेलीच, घरदार त्या पगारावर, तरीही आले. आणि येताना कित्येकांनी खिशात टूथब्रश आणले होते, अटक झाली तर तुरुंगात रात्र काढायची तयारी म्हणून, आणि ते टूथब्रश त्यांनी कोर्टाच्या पायरीवर उंच धरून दाखवले. मुलांना लिहा-वाचायला शिकवणारी ही माणसं आणि सरकार म्हणत होतं की तुम्हाला नीट लिहिता-वाचता येत नाही. त्याच्या तेरा वर्षं आधी आपल्याकडची पहिली निवडणूक झाली, तेव्हा बहुसंख्य मतदारांना अक्षर ओळख नव्हती, तरी प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी ठेवून त्यांना मत देऊ दिलं होतं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते आणि आपण ती विसरतो.

पुणे : १९६५ चा कायदा झाल्यावर खरंच फरक पडला का, की कागदावरच राहिला?

पडला, आणि लगेच पडला. ७ मार्चला पुलावरचा तो मार, सहाशेच्या आसपास माणसं होती, अश्रुधूर, घोड्यावरचे पोलीस, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. मग महिनाअखेरीस राज्याच्या राजधानीपर्यंत, माँटगोमेरीपर्यंत ५४ मैलांचा मोर्चा, आणि ६ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची व्होटिंग राइट्स अ‍ॅक्टवर सही. काही दिवसांतच केंद्र सरकारची माणसं सेल्मात येऊन बसली आणि त्यांनी स्वतः नावं नोंदवायला सुरुवात केली, लेखी परीक्षा बंद. इतकी वर्षं शेकड्यांत अडकलेला आकडा काही महिन्यांत हजारांत गेला. माणसं तीच, गाव तेच, फक्त टेबलापलीकडे बसलेला माणूस बदलला होता.

आणि पहिल्याच संधीला, मे १९६६ मध्ये, शेरीफपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी आली (प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण ते ठरवणारं आधीचं मतदान). शेरीफ म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, तिकडे तो निवडून येतो. खुर्चीवर होता जिम क्लार्क, कोटावर ‘नेव्हर’ लिहिलेला बिल्ला लावून फिरणारा, रांगेतल्या लोकांना मारणारा हाच. समोर विल्सन बेकर, तोही गोराच, समतावादी वगैरे काही नाही, पण कायद्याने चालणारा आणि काठी आवरून वापरणारा. काळ्या मतदारांनी एकगठ्ठा बेकरला मतं दिली. मग तिथल्या पक्षाच्या समितीने काळ्या वस्त्यांमधल्या सहा पेट्यांवर गडबडीचा आक्षेप घेऊन त्या बाजूला ठेवल्या, प्रकरण केंद्राच्या कोर्टात गेलं, कोर्टाने सांगितलं मोजा, आणि मोजल्यावर क्लार्क हरला. नोव्हेंबरात मतपत्रिकेवर आपलं नाव हाताने लिहा म्हणत तो पुन्हा उभा राहिला, तेव्हाही हरला.

‘आपला माणूस’ उभा नव्हता तरी लोक आले, कारण ज्याच्या हातची काठी खाल्ली तो घरी जाणार होता.

कोल्हापूर : कृष्णवर्णीय मतदार इतके असताना मेयर गोराच कसा राहिला? आमच्याकडे तर समाजाची गणितं आठ दिवसांत जमतात.

जो स्मिदरमन हे १९६४ मध्ये मेयर झाले, मधला थोडा काळ सोडला तर थेट २००० पर्यंत तेच. म्हणजे मोर्चाच्या वेळी जो मेयर होता तोच पस्तीस वर्षांनंतरही होता. यात तीन-चार गोष्टी एकात एक गुंतल्यात.

एक तर गावात काळे-गोरे बराच काळ जवळपास बरोबरीने होते, आताची ऐंशी टक्क्यांच्या वरची काळी वस्ती ही नंतर गोरी कुटुंबं गाव सोडून गेल्यावरची गोष्ट. दुसरं म्हणजे स्मिदरमन हुशार राजकारणी होते, मतदार यादी बदलली तसे तेही बदलले, काळ्या वस्त्यांमध्ये रस्ते केले, दिवे लावले, माणसं नेमली, लोकांची कामं केली, आणि त्यांना काळ्या मतदारांमधलीही मतं मिळायची. नगरपालिकेच्या मतदानात गटार आणि रस्ता याला वजन असतं हे कोल्हापूरकरांना मी काय सांगणार.

तिसरी गोष्ट निवडणुकीच्या पद्धतीची, आणि ही नीट समजून घ्या. कौन्सिलचे सगळे सदस्य सगळ्या गावाने निवडायचे अशी पद्धत असली, की ज्या गटाची मतं जास्त तो सगळ्याच्या सगळ्या जागा नेतो, दुसरा गट चाळीस-पंचेचाळीस टक्के असला तरी हाती शून्य. १९७२ ला सेल्मात वॉर्डवार निवडणूक आली आणि एका फटक्यात पाच काळे सदस्य निवडून आले, वर सांगितलेले रीस सर त्यातले एक. मतदार तेच, रेषा बदलल्या. आपल्याकडे मुंबई सोडून बाकी महापालिकांमध्ये बहुसदस्यीय प्रभाग असतात, त्यावर दरवेळी एवढी भांडणं का होतात ते यावरून लक्षात येईल. काउंटीच्या बोर्डाला मात्र अशी वॉर्डवार निवडणूक यायला १९८० चं दशक संपत आलं, तेही कोर्टात वर्षानुवर्षं भांडून.

मेयर मात्र सगळ्या गावातूनच निवडायचा. जेम्स पर्किन्स, कॉम्प्युटरच्या धंद्यातला माणूस, दोनदा हरले आणि सप्टेंबर २००० मध्ये रनऑफमध्ये जिंकले (पहिल्या फेरीत कुणाला निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत तर वरच्या दोघांत पुन्हा मतदान, त्याला रनऑफ म्हणतात). घोषणा होती ‘जो गॉटा गो’, म्हणजे जो आता जाऊ दे. त्या दिवशी मतदानाला जी गर्दी झाली तशी त्या गावाने कित्येक वर्षं पाहिली नव्हती, निकाल लागल्यावर लोक रस्त्यावर उतरले.

नागपूर : सध्या तिथे कोण कुणाला मत देतं? थोडक्यात सांगा.

थोडक्यात, काळे मतदार बहुतेक सगळे डेमोक्रॅट, गोरे मतदार बहुतेक सगळे रिपब्लिकन. अलाबामात ही फाळणी फार टोकाची आहे, २००८ मध्ये ओबामांना तिथल्या गोऱ्यांमधून दहातलं एकच मत मिळालं असं एक्झिट पोल सांगत होता. डॅलस काउंटीत काळी वस्ती जास्त, म्हणून राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत तिथे डेमोक्रॅट उमेदवाराला दोन तृतीयांशाच्या आसपास मतं पडतात. मतपत्रिकेवर वरच एक गोल असतो, तो काळा केला की त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत, बरेच जण तेवढंच करून बाहेर पडतात.

पण हे कायम असं नव्हतं. अलाबामाचा डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे एकेकाळी गोऱ्यांचाच पक्ष, मतपत्रिकेवर त्यांचं चिन्ह कोंबडा आणि त्याच्यावर छापलेलं असायचं ‘व्हाइट सुप्रीमसी’. हे शब्द १९६६ च्या सुरुवातीला काढले. का? कारण तेव्हा यादीत हजारो काळे मतदार आले होते आणि त्यांच्या हातात ती मतपत्रिका द्यायची होती.

ठाणे : एवढं सगळं सोसून मिळवलेला हक्क, आणि आता लोक घरी बसतात. मला तर हे कृतघ्नपणाचं वाटतं. रागावू नका, पण स्पष्ट विचारते.

रागवत नाही ताई, असं बऱ्याच जणांना वाटतं, सेल्मातल्या म्हाताऱ्या माणसांनाही वाटतं, ज्यांनी मार खाल्ला त्यांना तर वाटणारच. पण मला हे पटत नाही, आणि का ते जरा सविस्तर लिहिते कारण सगळ्यात जास्त पत्रं याच सुराची होती.

सेल्मातल्या मतदाराच्या जागी उभं राहून बघा. नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्याच्या हातात मतपत्रिका येते. काउंटीतली पदं, शेरीफ, कमिशनर (काउंटी बोर्डाचा सदस्य), प्रोबेट जज (वारसा-मृत्युपत्रांचं बघणारा न्यायाधीश), यांचा निकाल बहुतेक वेळा काही महिने आधी डेमोक्रॅटिक प्रायमरीतच लागलेला असतो, नोव्हेंबरात समोर उमेदवारच नसतो. खासदारकीची जागा, तिथे टेरी स्युएल २०१० मध्ये पहिल्यांदा निवडून आल्या, मूळच्या सेल्माच्याच, त्यांची जागा पक्की. आणि वर, गव्हर्नर, सेनेटर, राष्ट्राध्यक्ष, तिथे अख्ख्या राज्याची मतं मोजली जातात आणि राज्य रिपब्लिकन, डेमोक्रॅट गव्हर्नर शेवटचा निवडून आला १९९८ मध्ये. म्हणजे खालचं आधीच ठरलंय आणि वरचं दुसऱ्यांनी ठरवलंय. दोन शिफ्ट करून आलेल्या बाईने रांगेत उभं राहून नेमकं काय बदलायचं?

आता उलटं उदाहरण घ्या. डिसेंबर २०१७, सेनेटची एकच जागा, पोटनिवडणूक, ख्रिसमसच्या तोंडावर. राज्याच्या निवडणूक अधिकाऱ्यांचा अंदाज होता की शंभरातले पंचवीस येतील. आले चाळीसच्या आसपास. रिपब्लिकन उमेदवार रॉय मूर यांच्यावर गंभीर आरोप होते, लढत खरीखुरी अटीतटीची झाली होती, डेमोक्रॅट डग जोन्स साधारण बावीस हजार मतांनी जिंकले. एक्झिट पोलप्रमाणे त्या दिवशी मतदारांमध्ये काळे जवळपास तीस टक्के होते, राज्याच्या लोकसंख्येतल्या त्यांच्या हिश्श्यापेक्षा थोडे जास्तच, आणि सेल्माच्या आसपासच्या त्या सगळ्या पट्ट्याने, ज्याला तिकडे ब्लॅक बेल्ट म्हणतात (मूळ काळ्या मातीवरून, पुढे वस्तीवरूनही), भरभरून मतदान केलं. डॅलस काउंटीत जोन्सना दर चार मतांतली तीन. गरीब भाग, वाहनांची सोय नाही, हवा थंड, मंगळवार, आणि तरी आले. ते लोक कृतघ्न असते तर त्या दिवशीही आले नसते की.

१९६६, २०००, २०१७, तिन्ही वेळा लोकांना दिसत होतं की आपण गेलो तर निकाल फिरेल. मला तरी टक्केवारी म्हणजे लोकांच्या मनाची मोजपट्टी वाटत नाही, निवडणुकीत दम किती आहे याची जास्त वाटते.

दुसरं, गावाची अवस्था. १९६० मध्ये सेल्माची लोकसंख्या २८ हजारांच्या वर होती, २०२० च्या जनगणनेत १८ हजारांना थोडी कमी. विमानदलाचा तळ होता, क्रेग, तो १९७७ ला बंद झाला, त्याबरोबर नोकऱ्या गेल्या. जानेवारी २०२३ मध्ये टोर्नेडो वादळाने गावाच्या मधोमध पट्टाच ओढला, घरं गेली, आणि ज्याचं छप्पर गेलंय तो नातेवाइकांकडे दुसऱ्या गावात, नाव मात्र इथल्या यादीत. दरवर्षी मार्चमध्ये मोठमोठे नेते पुलावरून चालायला येतात, फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी परत जातात, आणि तरुण मुलं विचारतात की मत देऊन आमच्या गल्लीत काय झालं. या प्रश्नाला उत्तर द्यायची जबाबदारी त्या मुलांची नाही.

आणि काहींना तर मत द्यायची परवानगीच नाही. अलाबामात ठराविक गुन्ह्यांत शिक्षा झाली की मताधिकार जातो, तुरुंगातून सुटल्यावरही आपोआप परत येत नाही. नियम १९०१ च्या राज्यघटनेतला, आणि ती घटना कशासाठी लिहिली ते घटनासमितीच्या अध्यक्षांनी तेव्हा उघड सांगितलं होतं, गोऱ्यांचं वर्चस्व कायद्याने पक्कं करायला. कोणते गुन्हे त्यात येतात याची नीट यादीच २०१७ पर्यंत नव्हती, त्यामुळे ज्यांना हक्क होता तेही घाबरून बूथकडे फिरकायचे नाहीत.

नाशिक : एकाच निवडणुकीची टक्केवारी एका ठिकाणी ६० आणि दुसऱ्या ठिकाणी ५० दिसते. खरी कुठली?

दोन्ही खऱ्या असू शकतात, कशाने भागलं ते बघा. यादीतल्या नावांनी भागलं की एक आकडा, मतदानाच्या वयाच्या सगळ्या माणसांनी भागलं की दुसरा, आणि त्यातून नागरिक नसलेले, हक्क गेलेले वजा केले की तिसरा. सेल्मासारख्या रोडावत चाललेल्या गावात यादीत गाव सोडून गेलेल्यांची नावं राहून जातात, यादी फुगते आणि टक्केवारी आहे त्यापेक्षा कमी दिसते. उलट जिथे नोंदणीच कमी तिथे यादीवरची टक्केवारी उगाच छान दिसते, १९६४ च्या सेल्मात काळ्या मतदारांची ‘यादीवरची’ टक्केवारी नव्वदही निघाली असती, त्याला काय अर्थ?

आणखी एक, हे तुमच्या प्रश्नात नाही पण सांगावंसं वाटतं. अमेरिकेत साधारणपणे शिक्षण आणि पैसा जास्त तिथे मतदान जास्त. आपल्याकडे बरोबर उलट चित्र दिसतं, २०२४ च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूर सत्तरीच्या वर आणि दक्षिण मुंबई पन्नाशीच्या आसपास. त्यामुळे ‘गरीब म्हणून मत देत नाहीत’ हा तिकडचा निष्कर्ष आपल्याकडे चिकटवू नका, आणि आपला तिकडे.

सोलापूर : मतदानाला सुट्टी देतात का? ओळखपत्र लागतं का? शाई लावतात का?

शाई नाही. सुट्टीही नाही, मंगळवारी मतदान, सकाळी ७ ते संध्याकाळी ७, अलाबामात मालकाने जास्तीत जास्त तासाभराची सवलत द्यायची असा कायदा आहे. आपल्याकडे भरपगारी सुट्टी कायद्यातच आहे, ती असून आपण महाबळेश्वरला जातो तो भाग वेगळा.

ओळखपत्राचं जरा लांबडं आहे. फोटो असलेलं ओळखपत्र लागेल असा कायदा अलाबामाने २०११ मध्ये केला. पण १९६५ च्या कायद्यात एक कलम होतं, की ज्या राज्यांचा इतिहास वाईट आहे त्यांनी मतदानाचा कुठलाही नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची. अलाबामा त्यात होतं. जून २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने शेल्बी काउंटी खटल्यात, ही काउंटीही अलाबामाचीच, ५ विरुद्ध ४ मतांनी त्या राज्यांची यादीच रद्द केली, म्हणजे परवानगीची अट हवेत गेली, आणि २०१४ पासून ओळखपत्राचा नियम लागू झाला. मग २०१५ मध्ये राज्याने पैसे वाचवायचे म्हणून ३१ छोटी ड्रायव्हिंग लायसन्सची ऑफिसं बंद करायचं ठरवलं. आता तिकडे लायसन्स हेच बहुतेकांचं ओळखपत्र, आणि बंद होणारी कित्येक ऑफिसं नेमकी ब्लॅक बेल्टमधली. आरडाओरडा झाल्यावर महिन्यातून एक दिवस उघडायचं ठरलं. पन्नास वर्षांपूर्वी महिन्यातून दोन दिवस उघडणारं ऑफिस होतं, हे तिथल्या लोकांना कुणी आठवण करून द्यायची गरज नव्हती. केंद्राने चौकशी लावली तेव्हा कुठे दिवस वाढवून मिळाले.

राज्याचं म्हणणंही सांगायला हवं. मतदारासाठी फुकट ओळखपत्र रजिस्ट्रारच्या ऑफिसात मिळतं आणि त्यासाठी फिरती गाडीही आहे. बरोबर आहे. पण फुकट कार्ड घ्यायलाही तिथवर जावं लागतं आणि ज्याच्याकडे लायसन्स नाही त्याच्याकडे सहसा गाडीही नसते, बस तर त्या भागात जवळपास नाहीच. रोजंदारीवरच्या माणसाचा अर्धा दिवस म्हणजे फुकट नव्हे.

लातूर : माझं वय ८६. मी यावेळी घरून मत दिलं, अधिकारी पेटी घेऊन घरी आले होते. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना अशी सोय आहे का?

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं आजी. नाही, तिथे तशी सोय नाही. पोस्टाने मत देता येतं पण अलाबामात त्याला ठराविक कारण लागतं, आजारी आहे, गावाबाहेर आहे, ड्युटी आहे असं, आणि मत घातलेल्या पाकिटावर नोटरीची किंवा दोन साक्षीदारांची सही लागते, शिवाय ओळखपत्राची झेरॉक्स. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईने झेरॉक्स कुठे काढायची आणि दोन साक्षीदार कुठून आणायचे? पूर्वी चर्चमधली किंवा शेजारची माणसं मदत करायची. २०२४ मध्ये राज्याने कायदा केला की अशा अर्जांसाठी पैसे किंवा भेटवस्तू घेऊन मदत करणं हा गुन्हा. बोगस मतदान रोखायला केला असं सांगतात आणि बोगस मतदान रोखायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण मदत करणारा चांगला माणूसही आता दहादा विचार करतो, आणि त्या भागाला जुनी आठवण आहे. १९८५ मध्ये शेजारच्या पेरी काउंटीतल्या अल्बर्ट टर्नर, त्यांची पत्नी आणि एक सहकारी यांच्यावर अशाच पोस्टाच्या मतांवरून खटला भरला होता, तिघेही निर्दोष सुटले. टर्नर पुलावरच्या मोर्चात पुढच्या रांगांमध्ये होते. निर्दोष सुटले तरी खटल्याची भीती मागे राहतेच.

हंट्सविल, अलाबामा : मी मूळचा इचलकरंजीचा, इथे इंजिनिअर आहे, यंदाच सिटिझन झालो. रिपब्लिकन राज्यात माझ्या एका मताने काय होणार? आणि नोंदणी कशी करायची?

अभिनंदन! नोंदणी सोपी आहे, राज्याच्या वेबसाइटवर होते, लायसन्स जवळ ठेवा. मतदानाच्या साधारण दोन आठवडे आधी नोंदणी बंद होते, तोपर्यंत थांबू नका. बीएलओ घरी येईल, स्लिप आणून देईल अशी वाट बघू नका, तिथे सगळं आपलं आपणच करायचं.

एका मताचं म्हणाल, तर प्रायमरी चुकवू नका. अलाबामात पक्षाची आधी नोंदणी करावी लागत नाही, त्या दिवशी बूथवर कुठल्या पक्षाची मतपत्रिका पाहिजे ते सांगायचं, पण ज्या पक्षाची घ्याल त्याच पक्षाच्या रनऑफमध्ये मत देता येतं, दुसऱ्याच्या नाही. तिथे येणारी माणसं कमी, म्हणून तुमच्या मताला वजन जास्त. शाळा बोर्ड, काउंटी कमिशन, ही नावं मतपत्रिकेत खाली असतात, पक्षाचा एक गोल काळा करून निघून आलात तर घटनादुरुस्तीसारखे ज्यांत पक्षच नसतो ते प्रश्न कोरे राहतात, म्हणून शेवटपर्यंत आणि मागची बाजूही बघा. नमुना मतपत्रिका आधी ऑनलाइन मिळते, घरी बसून वाचून जा.

आणि रेषा कशा बदलतात तेही लक्षात ठेवा. तुमच्याच राज्यातल्या लोकांनी मतदारसंघाच्या नकाशावर खटला लढवला, जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकले, मग कोर्टाने नव्याने आखून घेतलेल्या नकाशावर २०२४ ला निवडणूक झाली आणि पहिल्यांदाच अलाबामातून एकाच वेळी दोन कृष्णवर्णीय खासदार निवडून गेले, स्युएल आणि शोमारी फिगर्स. तो खटला लढणारे काही तुमच्या-माझ्यासारखेच साधे मतदार होते.

शहराच्या निवडणुकीची तारीख मात्र नोव्हेंबरशी जोडलेली नसते, तिकडे ती सहसा ऑगस्टमध्ये, भर उन्हाळ्यात येते आणि लोकांच्या लक्षातच राहत नाही. तुमच्या सिटी क्लार्कच्या ऑफिसला फोन करून आजच विचारून घ्या, आणि ऑफिसात आणखी कुणी नवे सिटिझन झाले असतील तर त्यांनाही सांगा.